तीनशे मीटरच्या पुढे : प्रस्तावना

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात बिस्ली नावाचे गाव आहे. दर जुलैत तिथल्या मैदानावर लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीचा मोठा मेळावा भरतो. त्यात राष्ट्रकुलातले संघ एका चषकासाठी ३००, ५०० आणि ६०० यार्डांवरून नेम धरतात. त्या चषकाला ‘कोलापोर कप’ म्हणतात. कोल्हापूरच्या राजाने दिलेला हा चषक १८७१पासून खेळला जातो. त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले होते आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये, अवघ्या विशीत, त्यांचे निधन झाले. दीडशे वर्षांत रायफली बदलल्या, काडतुसे बदलली, साम्राज्य गेले. चषकावरचे कोल्हापूरचे नाव राहिले.

त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात ६००पैकी ५९७ गुण घेऊन विश्वविजेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे ऑलिम्पिक कांस्यपदक जिंकले, अंतिम फेरीतले गुण ४५१.४. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण ही दोन्ही यशे ५० मीटरवरची आहेत, पॉइंट टू-टू रायफलची. ज्या गावाचे नाव ६०० यार्डांच्या चषकावर कोरले गेले, तिथल्या होतकरू नेमबाजाला आज ३०० मीटरवर एक गोळी झाडायची म्हटली तरी मोठी यातायात करावी लागते. हे पुस्तक त्या ५० मीटरच्या पुढच्या प्रदेशाची ओळख करून देण्यासाठी आहे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘बिग बोअर’ म्हटले की नवख्याच्या डोळ्यांसमोर सिनेमातली, माणसाच्या उंचीची, पॉइंट फिफ्टीची रायफल उभी राहते. स्पर्धेच्या भाषेत बिग बोअर म्हणजे पॉइंट टू-टूपेक्षा मोठे आणि मध्यभागी टोपी असलेले काडतूस चालवणारी रायफल. आंतरराष्ट्रीय ३०० मीटर स्पर्धेत ८ मिलिमीटरपर्यंतचा व्यास चालतो, आणि जगातले उत्तम नेमबाज तिथे बहुतेक वेळा ६ मिलिमीटरचीच गोळी वापरतात, कारण तिचा धक्का सौम्य असतो आणि खांदा दिवसभर टिकतो. तोफेसारखी रायफल घेऊन या खेळात शिरायचे असते, ही समजूत जितक्या लवकर जाईल तितके बरे. आकड्यांत फरक असा. एअर रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा आणि त्याची ऊर्जा दहा ज्यूलच्या आत. पॉइंट टू-टूची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आत. पॉइंट थ्री-झिरो-एटची गोळी अकरा ग्रॅमची, सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने सुटणारी, साडेतीन हजार ज्यूलची. पॉइंट फिफ्टीची ऊर्जा त्याच्याही पाचपट. या चढणीवर धक्का, आवाज, खर्च आणि जबाबदारी सगळेच वाढत जाते.

लांब पल्ला ही कल्पनाच तशी अलीकडची. आमच्या भिवंडी तालुक्यातल्या दुगाडला डिसेंबर १७८०मध्ये मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल हार्टलेच्या फौजेत लढाई झाली. वसईच्या वेढ्याचे दिवस होते, सकाळचे धुके होते, आणि १२ तारखेच्या हल्ल्यात मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश पडले. त्या काळच्या दोन्ही बाजूंच्या सामान्य बंदुकांची नळी आतून गुळगुळीत होती. शंभर पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नसे. म्हणून ओळीने उभे राहून एकदम बार काढायचे. पुढच्या शतकात नळीच्या आत पीळदार खाचा असलेली शस्त्रे साध्या शिपायाच्या हाती आली. खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि टोक पुढे ठेवून सरळ चालते. १८५३च्या एन्फील्ड रायफलच्या मागच्या साइटवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. आपल्याकडे ही रायफल १८५७च्या काडतुसांमुळे लक्षात राहिली, पण नेमबाजीच्या इतिहासात तिची जागा या खुणांमुळे आहे. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनला व्हिक्टोरिया राणीने बैठकीवर घट्ट बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलची दोरी ओढून ४०० यार्डांवरचे लक्ष्य भेदले आणि ब्रिटिशांच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा सुरू झाली. १८९०मध्ये तेच सगळे बिस्लीला हलले.

आपल्याकडे मात्र उलटे घडले. १८७८च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायला मनाई केली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. त्याच सुमारास मुंबईत बॉम्बे व्हॉलंटिअर रायफल्स उभी राहिली, रेल्वे कंपन्यांची स्वयंसेवक पथके आली, त्यांच्या नेमबाजीच्या स्पर्धा होऊ लागल्या. त्यांत जागा होती ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मंडळींना. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले ते उगाच नव्हेत. रायफल आपल्याकडे राहिली ती संस्थानिकांच्या शिकारखान्यात, पलटणीत आणि पोलिसांच्या चांदमारीवर. कोकणातल्या, शहापूर-वाड्याकडच्या शेतकऱ्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीची बंदूक असे, पण ती खेळाची वस्तू नव्हती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही संपली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. लांबवर नेम धरण्याची हौस असलेल्या माणसापुढे त्यानंतर कागदी लक्ष्याचा एकच रस्ता उरला.

तो रस्ता त्याआधीच बांधायला घेतला होता, तोही एका मराठी माणसाने. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे १९५१मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, कार्यक्षेत्र अहमदाबाद. त्यांच्या नावाची अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा कित्येक नेमबाजांची राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी पहिली पायरी ठरली आहे. स्वतंत्र देशातल्या सामान्य नागरिकाला रायफल शिस्तीने हाताळता आली पाहिजे, हा विचार त्या स्थापनेमागे होता. १९४८पासूनच्या एनसीसीने तो कॉलेजांत नेला. तेजस्विनी सावंत यांच्यासह महाराष्ट्रातल्या कितीतरी नेमबाजांनी पहिली रायफल एनसीसीतच हाती घेतली.

पुढचा इतिहास वाचकाला बराचसा माहीत असेल, म्हणून भरभर सांगतो. अंजली भागवत यांनी २०००मध्ये सिडनीला अंतिम फेरी गाठली आणि घरोघरच्या मुलींना रायफल हा खेळ असतो हे कळले. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे २००४मध्ये अथेन्सला खेळल्या आणि पुढे दोघींनी प्रशिक्षक म्हणून एक पिढी घडवली; स्वप्निलच्या पदकामागे दीपालीताईंची मेहनत आहे, सुमाताईंची संस्था पनवेलला आहे. आमच्याच ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. वरळीची रेंज आणि बालेवाडीचे संकुल ही या सगळ्यांची सरावाची घरे. ही परंपरा दहा आणि पन्नास मीटरची आहे, आणि ती तिथेच थांबण्याची कारणे स्पष्ट आहेत. १९७२च्या म्युनिकनंतर ३०० मीटर रायफल ऑलिम्पिकमधून गेली, त्यामुळे तिच्यावर खर्च करायला सरकारला कारण उरले नाही. ती जागतिक स्पर्धेत टिकून आहे. आपल्या देशात तिचे खरे घर महूचे आर्मी मार्क्समनशिप युनिट. राष्ट्रीय बिग बोअर स्पर्धाही अनेकदा तिथे भरतात. मराठी वाचकाला महू माहीत असते ते बाबासाहेबांच्या जन्मगावामुळे. लांब पल्ल्याच्या नेमबाजालाही ते गाव तितकेच ओळखीचे असावे, असे मला वाटते.

दुसरे कारण जमिनीचे. मोठ्या बोअरची गोळी लक्ष्य चुकली तर थांबत नाही. पॉइंट थ्री-झिरो-एटची गोळी योग्य कोनात सुटली तर चार किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, पॉइंट फिफ्टीची त्याहून बरीच लांब. भिवंडीजवळच्या आमच्या टेमघरातून सुटलेली अशी गोळी भिवंडीच्या दाट वस्तीत किंवा गोदामांच्या रांगेत जाऊन पडेल. म्हणून ३०० मीटरच्या रेंजला नुसते ३०० मीटर पुरत नाहीत; मागे उंच मातीचा बांध किंवा डोंगर लागतो, त्यामागे मोकळा पट्टा लागतो आणि त्या पट्ट्यात माणूस-गुरे येणार नाहीत याची कायमची व्यवस्था लागते. पुण्यातल्या गोळीबार मैदानाभोवती आज किती वस्ती आहे ते पाहिले की शहरांनी या खेळाची जागा कशी व्यापली हे लक्षात येते. मोकळ्या माळावर, ओळखीच्या शेतात, ‘एकदाच बघू’ म्हणून मोठी रायफल चालवण्याला या पुस्तकाचा ठाम विरोध आहे. ते बेकायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते कुणाच्या तरी जिवाशी खेळणे आहे.

जगात या खेळाची घराणी वेगवेगळी आहेत आणि नवख्याने सुरुवातीलाच ती ओळखावीत, कारण प्रत्येकाची रायफल, बैठक आणि हिशेब निराळा. स्वित्झर्लंड आणि उत्तर युरोपचे घराणे ३०० मीटरचे. स्वित्झर्लंडमध्ये खेडोपाडी ३०० मीटरच्या रेंज आहेत आणि सामान्य नागरिक तिथे जातो. झोपून, गुडघ्यावर आणि उभ्याने, दुर्बिणीशिवाय, छिद्रांच्या साइटने नेम धरायचा. बिस्लीचे, म्हणजे राष्ट्रकुलाचे घराणे फुलबोअरचे. फक्त झोपून, हाताला पट्टा आवळून, ३०० ते १००० यार्ड. तिथे वारा वाचणाऱ्याचा मान सगळ्यांत मोठा. अमेरिकेने या घराण्याशी १८७४मध्ये क्रीडमूरला पहिली मोठी लढत खेळली: आयर्लंडविरुद्ध ८००, ९०० आणि १००० यार्ड, ९३४ विरुद्ध ९३१, जेमतेम तीन गुणांनी विजय. पाल्मा स्पर्धा त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झाली. कॅनडाच्या फार्कहरसन यांनी नजर आणि सांधे थकलेल्या वयस्कर नेमबाजांसाठी दुर्बीण आणि आधार चालणारा प्रकार काढला. त्यांच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून तो एफ-क्लास झाला आणि आज त्यात तरुणांचीच गर्दी असते. बेंचरेस्टवाल्यांना माणूस जवळजवळ वगळून रायफल आणि काडतूस यांची कमाल पाहायची असते. गेल्या दशकभरात वाढलेल्या प्रिसिजन रायफल प्रकारात घड्याळ लावून, भिंतीवरून, ओंडक्यावरून, वेगवेगळ्या अंतरांवर पोलादी पाट्या वाजवायच्या. दोन मैलांच्या स्पर्धाही होतात. पॉइंट फिफ्टीवाल्यांची अमेरिकेत १९८५पासून स्वतःची संघटना आहे.

या सगळ्या घराण्यांत मला राष्ट्रकुलाचे घराणे नवख्याला सर्वांत उपयोगी वाटते. त्यात यंत्रे कमी आणि निरीक्षण जास्त आहे. हे मत पुस्तकभर दिसेल. ज्याला ते पटणार नाही त्याने निदान वाऱ्याचा भाग तरी वाचावा.

कारण लांब पल्ल्याचे मर्म वाऱ्यातच आहे. एक गंमत बघा. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, ३०० मीटरवर ते १०० मिलिमीटरचे. कोनाच्या हिशेबाने ३०० मीटरचा दहा मोठा आहे! नुसते अंतर वाढले म्हणून खेळ कठीण झाला, असे म्हणता येत नाही. गुरुत्वाकर्षणाचीही फार भीती बाळगू नये. १०० मीटरवर जुळवलेली पॉइंट थ्री-झिरो-एट ३०० मीटरवर अर्ध्या मीटरच्या आसपास खाली मारते, ६०० मीटरवर तीन मीटर, आणि १००० मीटरवर सुमारे बारा मीटर, म्हणजे चार मजली इमारतीइतके. ऐकताना छाती दडपते, पण ही घट दररोज तीच असते. एकदा तक्ता केला की साइटचे बटण तेवढे फिरवायचे. त्या बटणाची भाषा दोन प्रकारची: मिनिट, म्हणजे १०० मीटरवर २९ मिलिमीटर, आणि मिलिरेडियन, म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. आपल्या दशमान सवयीला दुसरी सोपी पडते.

वारा मात्र दर मिनिटाला वेगळा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा हीच गोळी ३०० मीटरवर वीसेक सेंटिमीटर बाजूला नेतो, म्हणजे दहाचे सात किंवा सहा होतात. गालाला जेमतेम कळेल अशी ताशी चार किलोमीटरची झुळूकसुद्धा गोळी दहाच्या कडेला नेऊन ठेवते. १००० मीटरवर तोच १६ किलोमीटरचा वारा तीन मीटर ओढतो, आणि तिथे पोहोचायला गोळीला पावणेदोन-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात वाटेतला वारा दोन ठिकाणी दोन दिशांनी वाहत असू शकतो. झेंडे पाहायचे, गवत पाहायचे, धूळ पाहायची, आणि स्पॉटिंग स्कोपमधून मृगजळ पाहायचे. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लाटा वाऱ्याच्या दिशेने कलतात. जोर वाढला की त्या आडव्या पडतात. वारा थांबला किंवा अगदी समोरून-मागून आला की सरळ वर उकळतात. एप्रिलच्या दुपारी टेमघरच्या रस्त्यावर ज्याने हे पाहिले आहे त्याला मृगजळ समजावून सांगावे लागत नाही, फक्त त्याचा कल मोजायला शिकवावा लागतो. आणि हे शिकायला रायफल लागत नाही. साध्या दुर्बिणीतून एखादा झेंडा आणि त्यामागची हवा रोज पाहून, वहीत अंदाज लिहून, मग हवामानाच्या नोंदीशी ताडून पाहिले तरी डोळा तयार होतो. कोकणातल्या नेमबाजांत एक समज पक्का आहे की दमट हवा जड असते आणि गोळी अडवते. प्रत्यक्षात त्याच तापमानाची दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते आणि फरक इतका थोडा की तो विसरावा. तापमान आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांचा परिणाम खरा. भिवंडीत तयार केलेला तक्ता महूच्या पठारावर नव्याने तपासावा लागतो.

वाऱ्याइतकाच दुसरा अडथळा आपल्याच शरीरात असतो. मोठा बार होणार हे मेंदूला कळले की घोडा दाबण्याच्या ऐन क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढे येतो. ही सवय एकदा जडली की वर्ष-वर्ष सुटत नाही, आणि ती जडते मोठ्या रायफलने सुरुवात केल्यामुळे. म्हणून आधी १० मीटर, मग ५० मीटर, मगच ३००, असा क्रम इथे धरला आहे. एअर रायफलवर घोडा हळू दाबणे, बार झाल्यावरही क्षणभर तसेच राहणे, काडतुसाशिवायचा ड्राय सराव, पॉइंट टू-टूवर श्वास आणि पट्टा, या गोष्टी तिथे स्वस्तात शिकून होतात. पॉइंट टू-टू शंभर मीटरवर चालवली तर वाराही तिथेच शिकता येतो, कारण ती हलकी, संथ गोळी वाऱ्याला चटकन वश होते. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीतून पॅरिसपर्यंत गेलेल्या स्वप्निलचा रस्ताही असाच पायरीपायरीचा होता.

कायद्याबद्दल थोडक्यात. १९५९चा शस्त्र अधिनियम आणि २०१६चे शस्त्र नियम हे दोन आधार. सैन्याच्या वापरातली काडतुसे चालवणाऱ्या बोअरच्या रायफली प्रतिबंधित वर्गात मोडतात आणि सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. पॉइंट फिफ्टीचा तर विचारही करू नये. २०१९च्या दुरुस्तीने साधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, नेमबाज खेळाडूंसाठी वेगळ्या सवलती आहेत. नवख्याने परवान्यापासून सुरुवात करू नये. जिल्हा किंवा राज्य रायफल संघटनेशी संलग्न क्लबात जावे, क्लबच्या शस्त्राने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकावे, स्पर्धा खेळून पात्रता मिळवावी. स्वतःच्या रायफलचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तोवर आपल्याला नेमके काय हवे तेही कळलेले असते.

हे सगळे आताच लिहावेसे का वाटले? पॅरिसनंतर रेंजवर येणारी मुले वाढली आहेत. त्यांतली बरीच भिवंडी, कल्याण, शहापूर, राधानगरीसारख्या ठिकाणची आहेत, मराठीत शिकलेली आहेत, आणि लांब पल्ल्याबद्दलची त्यांची माहिती मोबाइलवरच्या परदेशी चित्रफितींतून येते. त्या चित्रफितींतला कायदा आपला नाही, जमीन आपली नाही, हवा आपली नाही. युद्धातल्या स्नायपरच्या कथांनी आणखी गोंधळ केला आहे. माणसावर नेम धरण्याचे कौतुक या पुस्तकात कुठेही नाही, आणि ते शोधणाऱ्याने इथे वेळ घालवू नये. इथे रायफलचे यंत्र, काडतुसाचे गणित, वाऱ्याचे वाचन, शरीराची बैठक आणि रेंजची शिस्त या पाच गोष्टी मराठीत, आपल्या हवामानातल्या उदाहरणांनी मांडल्या आहेत. रेंजवर जे शब्द खरोखर बोलले जातात ते तसेच ठेवले आहेत. रायफलींच्या कंपन्यांची तुलना आणि किमतींचे तक्ते मुद्दाम टाळले, कारण ते छापून होईस्तोवर जुने होतात.

शिस्तीचा भाग सर्वांत आधी ठेवला आहे, आणि तो न वाचता पुढे जाऊ नये अशी विनंती आहे. रायफल नेहमी भरलेली आहे असे समजावे. नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेनेच राहावे. नेम लागेपर्यंत बोट घोड्याबाहेर असावे. लक्ष्यामागे काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय बार काढू नये. ‘थांबा’ अशी आरोळी रेंजवरच्या कुणीही, अगदी पहिल्याच दिवशी आलेल्या मुलानेही दिली तरी सगळ्यांनी त्याच क्षणी बोट काढून बोल्ट उघडायचा, आणि ती आरोळी का दिली हे नंतर विचारायचे.

टेमघर, ता. भिवंडी, जि. ठाणे